विसावं नाव

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा एर्ल तुओमेला दारापुढचं बर्फ ओढून नुकताच आत आला होता आणि स्वयंपाकघरात एका पायावर उभा राहून बूट काढत होता. फोनवर क्रमवारीच्या ऑफिसातली ब्रिन होती. ही पोरगी दोन वर्षांपासून तिथे होती. बॉस्टनकडे कुठेतरी बसून ती देशभरातल्या चाळीस मतदारांच्या याद्या गोळा करायची, बेरजा मारायची आणि कॉलेजांच्या आइस हॉकीतले पहिले वीस संघ कोणते ते दर सोमवारी दुपारी जाहीर करायची. एर्लनं तिला कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून त्याला ती नेहमी सर्दी झाल्यासारखी वाटायची.

"मिस्टर तुओमेला, तुमची यादी मिळाली," ती म्हणाली. "एकच विचारायचं होतं. तुमच्या यादीत तुमच्याच गावचं सेंट ब्रेंडन कॉलेज नाहीये."

"असं कसं होईल?"

"मी तीनदा बघितलं. नावं वीस आहेत, पण ते नाही. मुद्दाम वगळलंय, की राहून गेलं?"

एर्लच्या हातात एक बूट होता. त्यातलं बर्फ वितळून लादीवर ठिपकत होतं. तो त्या ठिपक्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे कसंय," ती अवघडून पुढे म्हणाली, "गेली तीन वर्षं त्यांना मत देणारे तुम्ही एकटेच आहात. विसाव्या जागेचा एक गुण. त्या एका गुणावर त्यांचं नाव अगदी खाली, 'याशिवाय मतं मिळालेले संघ' म्हणून जी ओळ असते ना, तिच्यात छापलं जातं. तुम्ही काढलंत की ते कुठेच राहत नाही. मी जुनी पानं चाळली. चौतीस वर्षांत असं एकदाही झालेलं नाही. म्हणून म्हटलं, विचारलेलं बरं."

"कधीपर्यंत सांगू?"

"दोन वाजता यादी बंद होते."

"सांगतो," एर्ल म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की आपण अजून एकाच पायावर उभे आहोत.

त्यानं आतल्या खोलीत जाऊन यादी उघडली. वीस नावं होती, एकाखाली एक, त्यानंच दोन बोटांनी टाइप केलेली. रविवारी संध्याकाळी बसून त्यानं ती केली होती. लॉर्नानं वाटाण्याचं सूप केलं होतं, खिडकीखालचा, खोलीला ऊब देणारा रेडिएटर ठकठक वाजत होता, शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत होता, हे सगळं त्याला आठवत होतं. विसाव्या जागेवर त्यानं कनेक्टिकटमधलं एक लहान कॉलेज घातलं होतं. त्या पोरांनी दोन आठवड्यांत दोन तगडे संघ हरवले होते, आणि ते नाव लिहिताना आपल्याला किती बरं वाटलं होतं तेही आठवत होतं. आठवत नव्हतं ते एवढंच की सेंट ब्रेंडनचं काय झालं. लिहावं की लिहू नये अशी घालमेल झाली असती, मनाशी वाद घालून शेवटी काढून टाकलं असतं, तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण तसलं काही झालंच नव्हतं. ते नाव मनात आलंच नव्हतं. जेवायला ताटं मांडावीत आणि घरातल्याच एका माणसाचं ताट मांडायचं राहावं, वर सगळ्यांनी पोटभर जेवून उठावं, तसं ते झालं होतं. गेल्या महिन्यात तो गाडी घेऊन आपल्याच घराच्या वळणापुढे निघून गेला होता. त्याआधी एकदा चहाचं आधण आटून भांडं काळं पडलं होतं. लॉर्नानं ते भांडं न बोलता घासून ठेवलं होतं, आणि तिचं ते न बोलणंच त्याला जास्त लागलं होतं. आता ब्रिनला 'राहून गेलं' म्हणावं तर सत्तरीतल्या म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. 'मुद्दाम वगळलं' म्हणावं तर ते खोटं, शिवाय गावाशी बेइमानी. पण या दोहोंच्या मागे तिसरंच काहीतरी उभं होतं, आणि तेच त्याला खरं भिववत होतं: आपलं डोकं धड असेल आणि सेंट ब्रेंडनच विसरण्याजोगं झालं असेल तर?

घरात बसवेना. लॉर्ना सोमवारी सकाळी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मदतीला जायची, ती साडेबाराशिवाय येणार नव्हती. त्यानं पुन्हा बूट चढवले आणि तो टेकडी उतरून हॉकीच्या बर्फाळ मैदानाकडे, रिंककडे निघाला. पोर्ट हॅलेकमध्ये कुठूनही निघालं तरी रस्ता शेवटी तळ्याकडेच उतरतो. समोर लेक सुपीरियर राखाडी पसरलं होतं, आणि लोखंडाची माती भरायला आलेलं एक लांबलचक जहाज धक्क्याला लागलं होतं. एर्ल त्याच्याकडे न बघता चालत होता. छत्तीस वर्षं तो या गावातल्या वर्तमानपत्रात खेळाचं पान बघत होता. ते वर्तमानपत्र बंद पडूनही आता नऊ वर्षं झाली होती. नोकरी गेली, टेबल गेलं, रिंकमधली पत्रकारांच्या माळ्यावरची खुर्ची मात्र कुणी काढून घेतली नाही, आणि क्रमवारीतलं मतही कुणी परत मागितलं नाही. त्यामुळे तो अजून दर शुक्रवारी आणि शनिवारी त्या माळ्यावर जाऊन बसायचा, वहीत टिपणं करायचा, आणि ती टिपणं कुठेही छापली जात नसत. लॉर्ना म्हणायची, "तुला पगार नाही म्हणून तू जास्तच काम करतोस."

रिंकमध्ये सराव चालू होता. दार ढकलल्याबरोबर तो वास आला: बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांतल्या थंडगार अमोनियाचा, ओल्या चामड्याचा आणि कालच्या मक्याच्या लाह्यांचा. पन्नास वर्षांत हा वास तसूभर बदलला नव्हता. तो काचेला नाक लावून उभा राहिला. पोरं गोल गोल घसरत होती, बर्फावर पाती कराकरा वाजत होती, आणि पक, ती रबराची काळी चकती, फळ्यांवर आदळून ठाण्‌ठाण्‌ आवाज उठत होते. वर छपराला चार विजयध्वज लटकत होते, देशात पहिलं आल्याचे. शेवटच्याचा हिरवा रंग उडून आता शेवाळासारखा झाला होता. त्या पोरांपैकी एकही त्या वर्षी जन्मलेला नव्हता, आणि पुष्कळांचे बापही तेव्हा चड्डीत असतील. एके काळी कॅनडातून, मिनेसोटातून पोरं इथे यायला धडपडायची. सेंट ब्रेंडनचा हिरवा डगला अंगावर असला की शिकागोपर्यंत कुठल्याही खाणावळीत लोक वळून बघायचे. मग मोठमोठ्या विद्यापीठांना हॉकीची हौस आली. त्यांनी काचेचे महाल बांधले, पोरांना निजायला वेगळ्या खोल्या आणि खायला वेगळे आचारी दिले, आणि चांगली पोरं तिकडे गेली. यात कुणाचा दोष नव्हता. आपण दर वर्षी कारणं मात्र शोधत आलो, एर्लच्या मनात आलं. या वर्षी गोलरक्षक नवा आहे, या वर्षी वेळापत्रक अवघड आहे, या वर्षी निम्मा संघ जायबंदी आहे. आणि दर वर्षी सोळावं, अठरावं, विसावं असं करत ते नाव आपण खाली खाली नेत राहिलो, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या आईचा हात धरावा तसं. एक पोरगा घसरत काचेपाशी आला, आदबीनं मान हलवून गेला. एर्लनंही मान हलवली. त्या पोराचं नाव त्याला माहीत असायला हवं होतं. ते आठवेना, आणि तो झटकन तिथून निघाला.

रिंकसमोरच्या गल्लीत टेरीचं पेस्टीचं, मांस भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांचं, दुकान होतं. गी तेरियो हे त्याचं खरं नाव, ऑन्टारिओतल्या फ्रेंच घरातला. पण गावानं त्याचा पहिल्याच हिवाळ्यात टेरी केला होता. चार ध्वजांपैकी शेवटच्या ध्वजाचा हा गोलरक्षक. डेट्रॉइटच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चाळीस सेकंदांत डाव्या हातानं त्यानं जो पक झेलला, त्यावर तो बेचाळीस वर्षं या गावात राहिला होता. खेळाडू म्हणून पुढे काही घडलं नाही. त्यानं इथलीच मुलगी केली आणि तिच्या बापाचा भट्टीखाना घेतला. आता त्याचे गुडघे गेले होते आणि पोट सुटलं होतं. एर्लला बघून त्यानं न विचारता एक गरम पेस्टी कागदात गुंडाळून पुढे सरकवली.

"तोंड का असं झालंय तुझं?" टेरीनं विचारलं. "लॉर्ना बरी आहे ना?"

एर्लनं सांगून टाकलं. फोन आला, यादीत नाव नव्हतं, दोनच्या आत सांगायचंय. आपण मुद्दाम काढलं नव्हतं, विसरलो, हेही सांगितलं. टेरी कणकेचे हात एप्रनला पुसत ऐकत होता.

"मग घाल की नाव," तो म्हणाला. "नाहीतर नको घालू. माझी भट्टी काही बंद पडत नाही."

"तुला काय वाटतं ते विचारतोय मी. आपण अजून मोठे आहोत का?"

"आपण?" टेरी हसला. "अरे, मी गोलात उभा असायचो तेव्हासुद्धा आम्हाला वाटायचं नाही की आम्ही मोठे आहोत. आम्ही वीस पोरं होतो. पायात घाण वास येणारे मोजे आणि डोक्यात पोरी. मोठं-बिठं तू लिहायचास. सकाळी उठून तुझं वाचलं की आम्हाला कळायचं की आपण कोण आहोत ते."

"तो पक मी लिहिला म्हणून झेलला गेला नाही."

"तो पक," टेरी म्हणाला, आणि त्यानं आपल्या डाव्या पंजाकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "खरं सांगू? माझे डोळे मिटले होते. पुढे चार जण आडवे, काही दिसत नव्हतं. हात उचलला आणि त्यात काहीतरी आलं. तू इतकं झकास सांगतोस ते, की मी पण आता तुझ्याच डोळ्यांनी बघतो. पार्टीत, लग्नात तू सांगायला लागलास की मी बायकोला म्हणतो, गप्प बस, ऐक. एकाच गोष्टीची चुटपुट आहे, की तू नव्हतास तिथे."

"मी नव्हतो म्हणजे?"

"अंतिमला. आदल्या दिवशी गेलास ना तू घरी. हॉटेलच्या दारात भेटलो आपण, तू बॅग घेऊन निघाला होतास. मीच म्हटलं, जा, आम्ही जिंकून येतो." टेरीनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो थांबला. "की मीच चुकतोय? गोलरक्षकांची डोकी, बाबा. पक खाऊन खाऊन."

एर्लनं पेस्टी उचलली आणि तो बाहेर पडला. ती त्यानं खाल्ली नाही, कोटाच्या खिशात धरून तो टेकडी चढू लागला आणि तिची ऊब बोटांना लागत राहिली. टेरी चुकत होता. चुकतच असला पाहिजे. कारण एर्लला ते सगळं दिसत होतं, आत्ता, या चढावर, समोरच्या टेलिफोनच्या खांबापेक्षा स्पष्ट. खालून तिसऱ्या रांगेतली त्याची जागा. पुढच्या माणसाच्या सिगारचा निळा धूर. घड्याळात उरलेले चाळीस सेकंद. मग तो फटका, पंधरा हजार लोकांचा एकदम आत ओढलेला श्वास, आणि टेरीचा डावा हात वर, हिरवा, स्थिर. त्याच क्षणी एर्लच्या मुठीत पेन्सिल कडकन मोडली होती. पुढचे दोन दिवस तळव्याला तो ओरखडा होता. हे सगळं खोटं कसं असेल? आणि ते खरं असल्यामुळेच तर त्याच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्ट खरी होती, जिच्याकडे तो कधी सरळ बघत नसे. त्याच मार्च महिन्यात, त्याच दोन-तीन दिवसांत, लॉर्नाला वेळेच्या फार आधी कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा झाला होता. तो दोन दिवस जगला. एर्लला बर्फातून गाडी हाकत उत्तरेला येणं आठवत होतं, नऊ तास, पुलावर वाऱ्यानं हलणारी गाडी, आणि मनात एकच घोकणं, की आपण उशिरा निघालो, आपण सामना संपेपर्यंत थांबलो, आपण एका खेळासाठी थांबलो. बेचाळीस वर्षं हे त्याच्या छातीत एखाद्या गोळीच्या तुकड्यासारखं होतं. वरून कातडी आली होती, पण कूस बदलली की टोचायचं. त्याबद्दल तो लॉर्नाशी कधी बोलला नाही, लॉर्नाही नाही. पुढे मूल झालं नाही. आणि लोकांत मात्र तो त्या सामन्याची गोष्ट सांगत राहिला, दर वेळी जरा मोठ्यानं, जरा रंगवून. इतका मोठा सामना होता, कुणीही थांबलं असतं, असं त्यातून कुणालातरी पटवायचं असल्यासारखा.

लॉर्ना घरी आली होती. तिनं कोट काढला नव्हता, एक जुनं लोकरीचं जाकीट ती खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. उंच, सरळ बाई, केस आखूड कापलेले. एर्लपेक्षा ती चार बोटं उंचच होती, आणि लग्नात त्यावरून मित्रांनी त्याला फार छळलं होतं.

"दीड डॉलरला मिळालं," ती म्हणाली. "बाही उसवलीय फक्त. तू जेवलास?"

"लॉर्ना," तो म्हणाला, "डेट्रॉइटच्या अंतिम सामन्याला मी होतो का?"

तिनं जाकीट खाली केलं. मग खुर्ची ओढून बसली आणि त्यालाही बसायची खूण केली.

"नाही," ती म्हणाली.

"मला दिसतंय ते सगळं."

"गुरुवारचा दिसत असेल. उपांत्य. तो तू बघितलास. शुक्रवारी रात्री मी तुला हॉटेलवर फोन केला. शनिवारी उजाडता उजाडता तू हॉस्पिटलात होतास. इमिल सकाळी सव्वानऊला झाला. तू तिथेच होतास, एर्ल. दारात टोपी हातात धरून उभा होतास आणि नर्स तुला म्हणत होती, आत या नाहीतर बाहेर जा, वारं येतंय."

इमिल. ते नाव या घरात कुणीही उच्चारलं नव्हतं, आणि ते उच्चारल्यावर काही कोसळलं नाही. रेडिएटर वाजत होता तसाच वाजत राहिला.

"संध्याकाळी सामना होता," लॉर्ना पुढे म्हणाली. ती मेजावरच्या जाकिटाची उसवलेली शिवण बोटानं चाचपत होती. "नर्सकडे लहानसा रेडिओ होता. तू म्हणालास, नको. मी म्हटलं, लाव. खोलीत ती शांतता नको झाली होती मला. मग आपण ऐकला. तू माझ्या उशाशी बसला होतास आणि हातात पेन्सिल होती, सवयीची. शेवटी तो रेडिओवरचा माणूस ओरडायला लागला तेव्हा ती मोडली. तुझ्या हाताला रक्त आलं, नर्सनं पट्टी बांधली. सोमवारी इमिल गेला तेव्हाही ती पट्टी तुझ्या हाताला होती."

एर्लनं आपला तळवा उलटा करून बघितला. तिथे काही नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या सुरकुत्या होत्या.

"मला वाटत होतं मी उशिरा आलो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "मला इतकी वर्षं वाटत होतं मी सामन्यासाठी थांबलो."

लॉर्ना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही समजलंच नाही असं दिसलं, आणि मग ते हळूहळू समजत गेलं.

"तू थांबला असतास," ती सावकाश म्हणाली, "तर मी तुझ्याबरोबर राहिले असते का?"

"मग लोकांना मी सांगायचो तेव्हा तू बोलली का नाहीस? पन्नास वेळा सांगितलं असेल मी. तुझ्यासमोर."

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा राग आला मला. माझ्या भावाच्या लग्नात. म्हटलं, याला त्या दिवसाची लाज वाटते की काय. मग वाटलं, नाही, याला तिथे बसवत नाही. त्या खोलीत. म्हणून हा दुसरीकडे जाऊन बसलाय. बसू दे." तिनं नाक पुसलं. "आणि तू सांगायचास छान. लोक ऐकायचे. मी मनात म्हणायचे, कुणाला माहीत नाही, पण हा माणूस त्या दिवशी तिथे नव्हता. हा माझ्यापाशी होता. ते मला पुरायचं."

त्यानं खिशातली पेस्टी काढून मेजावर ठेवली. लॉर्नानं उठून दोन बश्या आणि सुरी आणली, ती मधोमध कापली, आणि दोघांनी ती खाल्ली. आतलं मांस आणि सलगम एव्हाना कोमट झालं होतं. एर्लला वाटलं, आपण फार लांबून चालत आलोय. छातीतला तो तुकडा आहे का म्हणून त्यानं आतल्या आत चाचपून बघितलं. तो होता, पण त्याचं टोचणारं टोक आता दुसरीकडे वळलं होतं. तिकडे एक लहान मूल होतं, ज्याच्याकडे त्याला बघता येत होतं. त्याला त्याचे कान आठवले. पारदर्शक, उजेडात गुलाबी. हे कान आपण बघितले होते आणि इतकी वर्षं ते सिगारच्या धुरामागे ठेवून दिले होते. आणि तो मोठा संघ, ते हिरवं राज्य, ज्याची गादी आपण एकेका गुणावर सांभाळत होतो, त्यात खरं किती होतं? होतं. चार ध्वज होते, टेरीचा हात होता, पक त्या हातात आला होता. फक्त ते बघायला आपण नव्हतो, आणि आपण नसूनही ते झालं होतं. हा विचार मात्र त्याला विलक्षण हलका वाटला.

पावणेदोनला त्यानं ब्रिनला फोन लावला. लॉर्ना तिथेच बसून जाकिटाची बाही शिवत होती.

"राहून गेलं," एर्ल म्हणाला. "मुद्दाम काढलं नव्हतं. विसरलो."

"मग घालू ना मी? कनेक्टिकटच्या जागी?"

"नको. ऐक जरा. सकाळपासून मी त्यांना परत घालायची कारणं शोधतोय. पुष्कळ सापडली. यंदाचं त्यात एकही नाही. कनेक्टिकटची पोरं चांगली खेळतायत. असू दे तसंच."

"मी फक्त यादी बरोबर आहे म्हणून लिहिते," ती म्हणाली. "विसरलात वगैरे नाही लिहीत."

"लिहिलंस तरी चालेल."

"माझे आजोबा त्यांचं नाव घ्यायचे, मिस्टर तुओमेला. सेंट ब्रेंडन येणार म्हटलं की आमच्या गावात तिकिटं मिळायची नाहीत, म्हणायचे. खरंच होते का ते तसे?"

एर्लनं लॉर्नाकडे बघितलं. ती दातांनी दोरा तोडत होती.

"तसेच होते," तो म्हणाला. "मी सगळेच सामने बघितले नाहीत. पण होते."

यादी जाहीर झाली. चौतीस वर्षांत प्रथमच सेंट ब्रेंडनचं नाव वरही नव्हतं आणि खालच्या ओळीतही नव्हतं. गावात गहजब होईल असं एर्लला वाटलं होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन आला नाही, कुणी रस्त्यात अडवलं नाही. पोस्टात एक जण यंदा बर्फ लवकर पडल्याबद्दल बोलला. गुरुवारी टेरीच्या दुकानात त्यानं विचारलं, तर टेरी म्हणाला, "हो, सुनेनं फोनवर दाखवलं मला. मी म्हटलं, बरं." आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एर्ल बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. लोकांनी हे नाव त्याच्या किती तरी आधी खाली उतरवून ठेवलं होतं, आणि उतरवूनही ते रिंकवर जात होते, हिरव्या टोप्या घालत होते, हरले की शिव्या घालत होते. मोठेपणाचं ओझं तो एकटाच वाहत होता. त्याला थोडं वाईट वाटलं, थोडं हसू आलं. डॉक्टरकडे जाऊन डोकं एकदा तपासून घ्यायचं असं लॉर्नानं पुढच्या बुधवारचं ठरवलं होतं, आणि तो बरं म्हणाला होता.

शुक्रवारी तो माळ्यावर गेला नाही. तिकीटखिडकीपुढे उभं राहून त्यानं दोन तिकिटं घेतली. तिकीट विकणाऱ्या बाईला वाटलं तो चेष्टा करतोय. इतक्या वर्षांत तो आणि लॉर्ना एकदाही शेजारी बसून सामना बघायला आले नव्हते. तो वर असायचा, आणि ती पहिली काही वर्षं खाली एकटी बसायची, मग यायचीच बंद झाली. आज तिनं ते दीड डॉलरचं जाकीट घातलं होतं. बाकावर बसल्याबरोबर ती म्हणाली, "इथून किती जवळ दिसतं रे. तू तिकडे वर बसून काय बघायचास, माणसांची डोकी?" त्यानं वही आणली नव्हती. पहिला अर्धा तास त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिनं कागदी पेल्यातली गरम कॉफी त्याच्या हातात दिली, मग तो प्रश्न सुटला.

समोर विस्कॉन्सिनकडचा, यादीत नववा असलेला संघ होता, आणि एर्लनंच त्याला नववा घातला होता. सामन्याच्या तीनपैकी दुसऱ्या भागाअखेर ते दोन-शून्य पुढे होते. मग कसं कोण जाणे, ब्रेंडनच्या एका बुटक्या पोरानं एक गोल केला. लॉर्नानं विचारलं, "हा अकरा नंबर कोण?" एर्ल म्हणाला, "माहीत नाही." असं म्हणायला त्याला काही वाटलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. शेवटच्या मिनिटात तोच अकरा नंबर पुन्हा गोलापुढच्या गर्दीत घुसला. पाच-सहा जण एकमेकांवर कोसळले, काठ्या अडकल्या, आणि पक कुठे गेला ते कुणालाच दिसेना. सगळं रिंक एकदम उठून उभं राहिलं. एर्लपुढे एक आडव्या बांध्याचा माणूस उभा राहिला आणि त्याच्या पाठीवरल्या हिरव्या कोटाशिवाय एर्लला काही दिसेनासं झालं. त्यानं टाचा उंचावून बघितलं, डावीकडून, उजवीकडून.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "आत गेला का? दिसतंय का तुला?"

लॉर्नानं त्याच्या दंडाला घट्ट धरलं होतं. मान उंच करून ती बर्फाकडे बघत होती, आणि तिचे गाल लाल झाले होते.

"थांब," ती म्हणाली. "थांब, सांगते."